फुजीसमोर तुमची जागा धरली होती

गिरगाव,
मंगळवार, दुपार

ती. मनूवन्सं यांना,

नलूचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा लिहिण्यापुरता. माझे गुडघे तुम्हाला ठाऊक आहेत. खाली वाकले तर वर काढायला तुमच्या बंधूंना बोलवावं लागेल, आणि त्यांच्या कमरेला पट्टा आहे. तेव्हा नमस्कार पोचला असं समजून आशीर्वाद तेवढा लगेच द्यावा.) आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही कशा आहात हे विचारत नाही, कारण गेले वर्षभर फोनवर तुम्ही ‘बरं आहे’ एवढंच म्हणता आणि माझ्या पुढच्या वाक्याला तुमच्याकडे कुकरची शिट्टी होते. इंदूरचा तो कुकर माझा आवाज ओळखतो की काय, कोण जाणे. म्हणून हे पत्र. पत्रात मध्येच शिट्टी झाली तरी जिथे सोडलंत तिथून पुढे वाचता येतं. (पोस्टात जाऊन पाकीट मागितलं तर खिडकीतल्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कंदिलाची काच मागत होते.)

तर, जपान झालं. तुमचं जपान. हो, तुमचंच, कारण आम्हा दोघांना त्याची हौस नव्हती. तुमच्या बंधूंची धाव महाबळेश्वरपर्यंत, आणि माझी, कुणी चहा करून देणार असेल तर, गॅलरीपर्यंत. जपानचं खूळ या घरात आणलंत तुम्ही. बॅलार्ड इस्टेटच्या त्या जहाज कंपनीत तुम्ही टाइपिस्ट होतात आणि दर नव्या वर्षाला तिथून जपानी कॅलेंडर यायचं. मी या घरात लग्न होऊन आले तेव्हा गॅसच्या वरच्या भिंतीवर देवाच्या जागी फुजी पर्वत होता. बर्फातला फुजी, फुलांमागचा फुजी, तळ्यात उलटा पडलेला फुजी, आणि जुलैच्या पानावर त्याचे ते धबधबे. तुमचं लग्न उशिरा ठरलं, त्यामुळे पाच वर्षं आपण दोघी एका ओट्याशी भांडलो. फोडणी देता देता तुम्ही त्या पानाकडे बघत राहायचात, मोहरी जळायची, आणि सासूबाई बोलायच्या मला. (हे मी विसरलेले नाही. विसरण्याचा विचारही नाही.)

म्हणून आमच्या अवधूतने बंगळुरूहून तिघांचं बुकिंग केलं, आई, बाबा आणि मनूआत्या. तुम्ही आधी हो म्हणालात. व्हिसाच्या फोटोपर्यंत आलात, आणि मग ‘रमाकांतराव नाहीत, आता कसली हौस’ म्हणून मागे फिरलात. नवरा जाऊन वर्ष होतंय अशा बाईला कोण काय बोलणार. पण त्याच फोनवर तुमचे बंधू म्हणाले, ‘मग तू इकडे ये, मनू. त्या एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस? कायमची ये.’ त्यावर तुम्ही म्हणालात, ‘नको रे रघू, नलूला अडचण होईल.’ फोन स्पीकरवर होता. नलू समोर मटार सोलत बसली होती. या विषयावर मी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही. हे निव्वळ प्रवासवर्णन आहे.

तुम्ही नव्हतात म्हणून प्रवास फार सुखाचा झाला, हे आधीच सांगून टाकते. तुमची बसमधली जागा रिकामी होती, तिच्यावर आम्ही लालबागहून नेलेल्या चिवड्याच्या पिशव्या ठेवल्या. खिडकी कुणाची यावरून कुणी तोंड फुगवलं नाही. ‘नलू, त्या साडीवर हा स्वेटर शोभत नाही’ असं कुणी म्हटलं नाही, त्यामुळे सबंध सहलीत मी तो लाल स्वेटर अंगातून काढलाच नाही आणि प्रत्येक फोटोत गॅसच्या सिलिंडरसारखी दिसते आहे. हॉटेलच्या खोलीत पलंग तीन. तिसऱ्यावर तुमचे बंधू रोज रात्री आपली पॅन्ट घडी घालून ठेवायचे. मी म्हटलं, खुर्चीवर ठेवा की. तर म्हणाले, पलंग अगदीच मोकळा दिसतो.

बरोबरची मंडळी बरी होती. दादरच्या टूर कंपनीने आकांक्षा नावाची मुलगी आमची पुढारी म्हणून दिली होती. हातात झेंडा, पायात बूट, आणि जपानी फडाफडा. दुसरे लक्षात ठेवण्यासारखे म्हणजे परळचे तात्या. जगातल्या प्रत्येक वस्तूसारखी वस्तू महाराष्ट्रात कुठे आहे हे या गृहस्थांना पाठ असतं. तोक्योचा मनोरा दाखवला तर म्हणाले, आमच्याकडे गिरणीची चिमणी याहून देखणी होती. विमानातून समुद्र दिसला तेव्हा म्हणाले, अलिबागला असाच आहे.

फुजीच्या पायथ्याशी आम्हाला आधी धबधब्यावर नेलं. शिराइतो त्याचं नाव, म्हणजे पांढरे धागे. वन्सं, हाच तो जुलैच्या पानावरचा. त्याची गंमत अशी, की वरून नदी येऊन धबाधबा कोसळते असं काही नाही. फुजीवरचं बर्फ वितळतं, जमिनीत मुरतं, आणि मग या अर्धगोल कड्याच्या फटीफटीतून, जिथे वाट मिळेल तिथून, एकदम बाहेर येतं. हिंदमाताच्या दुकानदाराने पांढऱ्या वायलची सगळी ठाणं उलगडून कड्यावरून खाली सोडून द्यावीत, तसं. आता आपल्या माणसाचं असं आहे, की धबधबा दिसला की त्याचा हात शर्टाच्या बटणाकडे जातो. तुमचे बंधू पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून तयारच.

‘काका, आत नाही जायचं हं,’ आकांक्षा धावत आली. ‘इथून बघायचं.’

‘नुसतं बघायचं?’

‘हो, काका.’

‘भिजायचं नाही तर इतक्या लांब आणलं कशाला? फोटो आमच्या स्वयंपाकघरात होता.’

तात्या म्हणाले, यांना एकदा भुशी डॅमला आणलं पाहिजे. पाण्यात बसून भजी कशी खातात ते तरी बघतील. आजूबाजूची जपानी माणसं कठड्याशी उभी राहून चुपचाप पाणी बघत होती. ना शिट्टी, ना किंकाळी, ना ‘ए पम्या, ढकलू नको’. हळूहळू आमच्या मंडळींचाही आवाज बंद झाला. बारीक तुषार तोंडावर येत होते. तुमचे बंधू दुमडलेल्या पॅन्टनिशी तसेच उभे. मग मला म्हणाले, ‘मनू इथे असती तर काय म्हणाली असती गं?’

मी म्हटलं, ‘म्हणाल्या असत्या, नलू, निघताना गॅस बंद केलास ना?’

ते हसले. मीही हसले. मग आम्ही दोघं तात्यांकडे बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघण्याची काही सोय नव्हती. (तात्यांना वाटलं, आम्ही त्यांचं ऐकतो आहोत. त्यांनी आंबोलीचा धबधबा सुरू केला आणि तो बसमध्ये बसेपर्यंत कोसळत होता.)

मग कावागुची तळं. हॉटेल तळ्यावरच, आणि खोलीच्या खिडकीतून फुजी दिसतो अशी कंपनीची जाहिरात. आम्ही पडदा सारला तर ढग. खाली ढग, वर ढग, मध्ये ढग. आकांक्षाने ढगात बोट दाखवून सांगितलं, ‘काका, तो बरोब्बर तिथे आहे.’ तुमच्या बंधूंनी हात जोडले. (देवळाचा पडदा लावलेला असला तरी आपण जोडतोच.) आकांक्षा म्हणाली, फुजी लाजाळू आहे, सकाळी लवकर थोडा वेळ दिसला तर दिसतो. तेव्हा नाश्ता आटपून सगळ्यांनी तळ्याकाठी यायचं.

आता पुढे जे घडलं त्याला जबाबदार तुम्ही आहात. वाडीच्या गणपतीत नाटक असलं की दुपारपासून जागा धरायला कोण जायचं? दोन रुमाल, एक फणी आणि सासूबाईंच्या चष्म्याचं घर एवढ्या भांडवलावर तुम्ही पहिल्या रांगेतल्या सगळ्या खुर्च्या आपल्या घरासाठी अडवायचात, आणि पडदा उघडेपर्यंत त्या फणीला हात लावायची वाडीत कुणाची छाती नव्हती. तुमचे बंधू तुमच्या हाताखाली तयार झालेले. ते सकाळी उजाडता उजाडता एकटेच तळ्यावर गेले, डोंगराच्या बरोब्बर समोरचं बाक हेरलं, आणि त्याच्यावर ओळीने आपला चौकडीचा रुमाल, माझी कानटोपी आणि घरून नेलेला पंचा पसरून आले. मी गेले तेव्हा ते पंच्याच्या कोपऱ्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून दगड ठेवत होते.

मी म्हटलं, ‘पंचा कुणाचा?’

‘मनूचा.’

‘वन्सं इंदूरला आहेत.’

‘मग? जागा धरून ठेवायला काय जातं?’

मी तो दगड जरा नीट सरकवला आणि नाश्त्याला चला म्हटलं.

जागा धरलेली, म्हणून आम्ही निवांत नाश्ता केला. (जपानी लोक सकाळी सकाळी मासा खातात. तात्यांनी दोन खाल्ले आणि म्हणाले, बोंबलाची सर नाही.) परत येऊन बघतो तर बाक स्वच्छ. रुमाल नाही, टोपी नाही, पंचा नाही. दगडसुद्धा नाही, आणि वर बाक पुसलेलं! तुमच्या बंधूंनी तळ्याकाठी उभं राहून अशी आरोळी ठोकली की बदकं उडाली. ‘चोरी! जपानात चोरी!’ तात्यांना फार आनंद झाला. ‘मी म्हटलं नव्हतं? सगळीकडे सारखंच.’ तेवढ्यात हातमोजे घातलेला एक म्हातारा पानं गोळा करता करता थांबला, कमरेत वाकला, आणि रस्त्यापलीकडच्या पोलीस चौकीकडे बोट दाखवू लागला. आकांक्षाने त्याच्याशी बोलून डोक्याला हात लावला. त्या बिचाऱ्याला वाटलं, कुणी तरी सामान विसरलं. ते त्याने उचललं, झटकलं, आणि हरवलेली वस्तू म्हणून चौकीत नेऊन दिलं. आकांक्षा म्हणाली, ‘काकू, जागा इथेही धरतात, पण फुलांच्या झाडाखाली, चांगली चादर अंथरून. हे असं कुणी ठेवत नाही.’ मी म्हटलं, ‘अगं, आमच्याकडे चादर अंथरली तर लोक त्याच्यावर येऊन बसतात. रुमालाला घाबरतात.’

चौकी आपल्या पानाच्या गादीहून जरा मोठी. आत एक कोवळा पोलीस, इतका अदबशीर की मला वाटलं हा चहा विचारणार. आमचं सामान टेबलावर वेगवेगळ्या पिशव्यांत बंद. आपली वस्तू आपण ओळखून वर्णन करायची, असा तिथला नेम. तुमच्या बंधूंनी रुमालाचं वर्णन केलं. मी कानटोपीचं केलं. मग त्याने पंचा पुढे केला आणि आकांक्षामार्फत विचारलं, हा कुणाचा?

‘माझ्या बहिणीचा,’ तुमचे बंधू म्हणाले.

त्या कुठे आहेत?

‘इंदूरला.’

इंदूर कुठे आहे हे त्याने भिंतीवरच्या नकाशात शोधलं. मग विचारलं, त्या बाकावर कधी बसल्या होत्या?

‘बसली नव्हती. ती आलीच नाही.’

मग हा पंचा तिथे विसरलं कोण?

‘विसरलं कुणीच नाही हो! मी ठेवला. तिची जागा म्हणून.’

त्या येणार आहेत का? केव्हा?

आकांक्षाने हा प्रश्न मराठीत करून सांगितला आणि तीच खाली बघायला लागली. तुमच्या बंधूंनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या हरवलेल्या मांजराच्या फोटोकडे बघितलं. शेवटी ते म्हणाले, ‘ते तिला विचारायला पाहिजे.’ एवढंच आकांक्षाने त्याला सांगितलं. त्या पोराने पंचा पिशवीतून काढला, पुन्हा नीट घडी घातली, आणि दोन्ही हातांवर ठेवून, कमरेत वाकून, तुमच्या बंधूंना दिला. आपल्याकडे श्रीफळसुद्धा कुणी इतक्या मानाने देत नाही.

आणि नेमकं याच वेळी बाहेर कल्ला झाला. चौकीचं दार बाजूच्या गल्लीत, तळं आणि डोंगर दुसऱ्या अंगाला. आम्हाला वाटलं कुणी पाण्यात पडलं, आकांक्षा तर धावतच सुटली. माझे गुडघे आणि तुमच्या बंधूंची कंबर यांची मोट बांधून आम्ही बाहेर येईपर्यंत, वन्सं, फुजी येऊन गेला होता. ढग सरले होते म्हणे. नखशिखान्त दिसला म्हणे. तळ्यात उलटा पडलेलासुद्धा दिसला म्हणे, एप्रिलच्या पानावर असायचा तस्साच. सबंध टूरमध्ये फुजी बघितला नाही असे आम्ही दोघंच, आणि आम्हीच तेवढे असे की ज्यांनी त्याच्यासमोर जागा धरली होती.

लोकांनी आमचं सांत्वन सुरू केलं, ते फार वाईट. आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, तर तुमचे बंधूच तिला समजावत होते. तात्यांनी आपल्या फोनमधले फोटो दाखवले. त्यातल्या बहुतेकांत त्यांचा अंगठा आहे. ‘एवढं काही मनाला लावून घेऊ नका,’ म्हणाले. ‘कळसूबाईच आहे. वर जरा चुना लावलाय.’ त्या माणसाशी मी सहलीभर मनातल्या मनात भांडले, पण त्या वेळी त्याला चिवड्याची अख्खी पिशवी देऊन टाकली.

बस सुटायला अवकाश होता. आम्ही त्याच बाकावर जाऊन बसलो. हे या टोकाला, मी त्या टोकाला, आणि मध्ये यांनी पुन्हा पंचा अंथरला. ढग आता हलायचं नाव घेत नव्हते. तळं मात्र छान होतं, फुलांच्या पाकळ्या काठाला येऊन साचल्या होत्या, एक बोट उगीच इकडून तिकडे जात होती. एक गोरी बाई आली, दमलेली होती, मध्ये बोट दाखवून बसू का म्हणून खुणेने विचारलं. तुमचे बंधू, जे दारात आलेल्या सेल्समनलासुद्धा पाणी विचारतात, त्यांनी पंच्यावर हात ठेवला आणि चक्क हिंदीत सांगितलं, ‘कोई आनेवाला है.’ आपल्याकडे यावर ‘कौन आनेवाला है, दिखाओ’ म्हणून भांडण झालं असतं. त्या बाईने मान डोलवली आणि थोड्या अंतरावर जाऊन उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी पंचा काढा म्हणाले नाही.

बसमध्ये बसल्यावर हे म्हणाले, ‘दिसला नाही तेच बरं झालं. मनूच्या आधी आपण बघितला असता तर तिने जन्मभर बोलून दाखवलं असतं.’ मी म्हटलं, ‘त्या तसंही बोलून दाखवतील, की एवढ्या लांब गेलात आणि बघितलं काय, तर पोलीस चौकी.’

तर असा हा प्रवास. इथे वाडीत सगळं ठीक आहे. पत्राच्या शेवटी घरातल्या लहानांना आशीर्वाद लिहायचे असतात, पण तुमच्याकडे लहान म्हणावं असं काही नाही, तेव्हा ते तुमच्या कुंडीतल्या मोगऱ्याला द्यावेत. मोठ्यांना नमस्कार म्हणजे तुम्हालाच, तो वर घालून झाला आहे.

तुमची,
नलू

ता. क. तात्यांनी पाठवलेला एक फोटो छापून सोबत ठेवला आहे. अंगठ्याच्या डाव्या बाजूला जो पांढरा त्रिकोण दिसतो तो फुजी. अवधूत म्हणतो, पुढच्या वर्षी पुन्हा तिघांचं बुकिंग करतो. मी त्याला सांगितलं, आत्याला विचारू नकोस, नुसतं कर.

ता. क. वर प्रवास सुखाचा झाला असं लिहिलं आहे ते खोटं आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. पण आणखीही एक सांगायचं राहिलं. हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, रघू माझ्यासाठी झुरतो आहे. तसं समजून येऊ नका. तुमचे बंधू अगदी मजेत आहेत. सकाळी चौपाटीवर फिरतात, दुपारी जेवून घोरतात, संध्याकाळी वाचनालयाच्या कट्ट्यावर त्यांच्यासारखेच चारजण त्यांची वाट बघत असतात. बहिणीवाचून त्यांचं काही अडत नाही, वर्षातून दोनदा डोळे पुसले की झालं. शेजारच्या रमाबाई मुलाकडे डोंबिवलीला गेल्या. समोरच्या बिऱ्हाडाला कुलूप लागलं. आपल्या मजल्यावर दुपारी जागं माणूस म्हणाल तर मी. आमटीत गूळ जास्त पडला तर सांगणारं कुणी नाही. यांना काहीही वाढलं तरी ‘छान’ म्हणतात, हे काय खाणं झालं? तुम्ही माझ्या आमटीला रोज नावं ठेवायचात तेव्हा रडू यायचं, पण दुसऱ्या दिवशी ती नक्की सुधारायची. तुम्ही इंदूरला गेल्यापासून ती हळूहळू बिघडते आहे, मलाच कळतं. वन्सं, तुम्ही म्हणालात नलूला अडचण होईल. होऊ दे की. मला अडचण हवी आहे. हे पत्र त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलेलं नाही. त्यांना ठाऊकही नाही.

ता. क. पोटमाळ्यावरची तुमची गादी खाली काढली आहे. कापूस पिंजून घेतला, नवी खोळ शिवली, आता गॅलरीत उन्हात पडली आहे. काढताना खालच्या मजल्यावरचे दोघेजण मदतीला होते, तेही या आठवड्यात जागा सोडून चालले. तेव्हा पावसाच्या आत या. ती परत वर चढवणं मला एकटीला जमायचं नाही.